सतराचा पाढा आणि थंड्याची नळी

उशिरा येईल त्यानं वर्ग झाडायचा, हा आमच्या शाळेतला रिवाज मीच पाडलेला, आणि त्याचा मला लय गर्व होता. नववीतली एक पोरगी रोजच उशिरा यायची, म्हणून झाडू जूनपासून तिच्याच हातात. झाडून झालं की धापा टाकत मागच्या बाकावर बसायची आणि फळ्याकडं नुसती बघत राहायची. दोनदा विचारल्याशिवाय उत्तर नाही. मी तिला झोपाळू म्हणायचो, पोरं हसायची, मलाही बरं वाटायचं. असला मी हुशार मास्तर.

दसऱ्याच्या सुमारास तिचा बाप आला. ऊसतोडीला निघायचं होतं.

"सर, हिच्या डोक्यात काई शिरायलंय का? न्हाईतर संगट नेतो, कोयता तरी धरंल."

सोमवारी सांगतो म्हणालो. सांगायचं काय ते ठरलेलं होतं. न्या म्हणणार होतो.

शनिवारी फुप्फुसांचा धडा निघाला. पुस्तकातलं चित्र बघून पोरं जांभया द्यायला लागली तेव्हा माझं डोकं फिरलं. टपरीवरून थंड्याच्या, म्हणजे कोल्ड्रिंकच्या, नळ्यांचं पुडकं आणवलं आणि एकेकाच्या तोंडात नळी दिली.

"एका हातानं नाक धरा, नळीतूनच श्वास घ्या. छातीचा आजार म्हणजे दिवसभर हेच. आता दुसऱ्या हातानं सतराचा पाढा लिहा."

पाढे झोपेत म्हणणारा आमचा पहिला नंबर सतरा चोक एकाहत्तर लिहून बसला. बाकीच्यांनी नळ्या थुंकल्या. "सर, डोकंच चालंना," म्हणाले.

मी खूश. "बघा, सगळं ध्यान श्वासाच्या मागं पळतंय, पाढ्याला उरणार काय? असा माणूस ढ नसतो," असं मोठ्या ऐटीत सांगत मागच्या बाकापर्यंत गेलो. झोपाळूच्या तोंडात नळी तशीच होती आणि वहीत पाढा पुरा, एकही चूक नाही.

"तुला कसं जमलं गं?"

तिनं नळी काढली. "सर, मला रोजच असं व्हतंय. मला वाटलं समद्यांलाच व्हतंय."

पुढचा धडा मी काय शिकवला, देव जाणे. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

सोमवारी बाप आला तेव्हा उत्तराऐवजी नळीच दिली. मास्तराचं डोकं फिरलंय असं त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण बिचाऱ्यानं नाक धरलं. अर्ध्या मिनिटात नळी फेकली.

"जीव घुसमटायलाय, सर."

"तुमची पोरगी ह्याच्यात पाढे लिहिते."

त्यानं फेकलेली नळी उचलून खिशात घातली. मग तिला परभणीला डॉक्टरकडं घेऊन गेला. दमा निघाला. पोरगी गावातच मामाकडं राहिली, बाप कोयता घेऊन एकटाच गेला.

गुरुवारी ती दप्तरात दम्याचा पंप घेऊन आली, उशिराच, आणि सवयीनं झाडूकडं वळली. मी झाडू हिसकावून घेतला आणि स्वतः झाडायला लागलो. अर्ध्या वर्गातच मला असा ठसका लागला की पोरं हसायला लागली.

ती नाकाला ओढणी लावून दारात थांबली होती. म्हणाली, "सर, आधी पाणी शिंपडा. मी रोज शिंपडत व्हते. तरी छातीत जायचंच."