ओळंबारावांच्या केसांची साक्ष

गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं सलून होतं, त्यांना सगळे ओळंबाराव म्हणत. गवंड्यानं ओळंबा लावून तपासावेत इतके सरळ कल्ले ते कापत, म्हणून. चाळीस वर्षांत आपल्या वस्तऱ्यानं कुणाच्या गालावर लाल ठिपका उमटला नाही, हे ते दर गिऱ्हाइकाला दर खेपेला सांगत. ऐकणाऱ्याच्या गळ्याशी तोच वस्तरा असल्यामुळे कुणी मध्ये बोलत नसे.

स्वतःच्या डोक्यावर मात्र त्यांची कला थोडी अडचणीत होती. डाव्या कानावरची वीतभर लांब बट टकलावरून ओढून उजव्या कानापर्यंत चोपडलेली असे. तिच्याविषयी बोलायची मुभा घरातही कुणाला नव्हती.

आणि एका वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला.

त्यांनी आधी पात्याला दोष दिला. मग खुर्चीला, मग दिव्याला. एके दिवशी निवृत्त मास्तरांच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब आला, तेव्हा मास्तरच ओशाळून म्हणाले, "डास चावला असेल."

माणसं भली होती. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त महिन्याभरात गल्लीत दाढ्या वाढल्या. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "थंडीत बरं असतं." बाहेर ऊन रणरणत होतं.

पुढे शर्टाची बटणं लागेनात. ओठांभोवती मुंग्या आल्यासारखं होई, बोटांची टोकं बधिर पडत. "वय झालं," असं ओळंबाराव म्हणत. पण बायकोनं ऐकलं नाही, धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोटानं नाकाचा शेंडा टिपायला लावला. बोट डोळ्याखाली जाऊन टेकलं. मग फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ओळंबाराव कपाटावर आदळले.

"मासे खाता?" बाईंनी विचारलं.

"आठवड्यातून दोनदा," बायकोनंच उत्तर दिलं. "तेही बोटभर, बारके."

ओळंबारावांनी मान डोलावली. जरा जास्तच डोलावली.

रक्त तपासलं, तर त्यात पारा निघाला.

"थर्मामीटरमधला?" ओळंबाराव घाबरले. "मी तर तो कधी चावला नाही!"

"त्याचाच भाऊबंद," बाई म्हणाल्या. "पाण्यातल्या बारीक जिवांत तो थोडासा असतो. बारके मासे ते खातात, मोठे मासे बारक्यांना खातात. मोठा मासा वर्षानुवर्षं खातच राहतो आणि सगळ्यांचा पारा त्याच्या अंगात साठतो. पण तुम्ही खाता तेवढ्यानं इतका चढणार नाही. दुकानात क्रीमं कुठली वापरता? रंग उजळवणाऱ्या काही क्रीमांत पारा घातलेला असतो."

बायको तशीच सलूनमध्ये गेली आणि फळीवरच्या सगळ्या बाटल्या नि डब्या तिनं पोत्यात भरल्या. त्यात बिचारं साधं गुलाबपाणीही गेलं. ओळंबाराव बघत उभे राहिले. चोराच्या मनात चांदणं!

पण बाई पक्क्या होत्या. त्यांनी केस मागितले. "रक्तातला पारा केसात उतरतो आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. लांब केस मिळाला की कुठल्या महिन्यात किती पारा होता ते कळतं. रोजनिशीच म्हणा ना. अगदी मुळाशी कापलेली बट हवी. जितकी लांब तितकी बरी."

बाई, नर्स आणि बायको, तिघींची नजर एकाच जागी गेली.

"ती नाही," ओळंबाराव म्हणाले.

"अहो, दुसरी आहे कुठे?" बायको म्हणाली, आणि नर्सच्या हातातली कात्री घेऊन तिनं काम उरकलं. ओळंबारावांनी डोळे मिटून घेतले होते. तरी "पातं तिरकं धरू नकोस" हे सांगायला ते विसरले नाहीत.

पंधरा दिवसांनी निकाल आला. बाईंनी कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "क्रीमांचा काही दोष नाही. हा माशांमधलाच पारा आहे. सुरुवातीला अगदी थोडा, मग चौदा महिन्यांपूर्वीपासून एकसारखा चढत गेलाय. तेव्हा काय बदललं?"

बायको आठवू लागली. "काही नाही हो. उलट तेव्हापासून तर यांचा दुपारचा डबा चाटूनपुसून परत येतो. आधी निम्मा उरायचा." हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. ओळंबारावांचा उतरला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं. आणि केसही स्वतःचेच.

शेवटी ते बोलले. सलूनपासून दोन दुकानं सोडून मासळीवाल्याचं दुकान. चौदा महिन्यांपूर्वी त्याची बायको वारली. दुपारी तो दुकानामागे एकटाच स्टोव्हवर मासा तळायचा आणि न खाताच बसून राहायचा. एकदा तो सलूनमध्ये आला, तेव्हा ओळंबारावांचा डबा उघडा होता. भोपळ्याची भाजी बघून तो म्हणाला, "ती अशीच करायची." ओळंबारावांनी डबा त्याच्यापुढे सरकवला, आणि त्यानं आपली ताटली यांच्यापुढे. ताटलीत मोठ्या माशाचा न खपलेला, शेपटीकडचा जाड तुकडा. कधी कुपा, कधी मुशी, कधी तलवारमासा. दोघांचीही सोय झाली. मग तेच रोजचं झालं.

आता पारा बायकोच्या डोक्यात चढला. ती तडक मासळीवाल्याकडे गेली. ओळंबाराव मागून धडपडत पोचले.

"चौदा महिने माझा डबा तुम्ही खात होता?"

मासळीवाल्याच्या हातातला सुरा खाली आला. सगळं ऐकल्यावर तो लाकडी ठोकळ्यावरच बसला. "वहिनी, मी माझ्या हातानं दोस्ताला विष घातलं."

"विष कसलं? याला हावरटपणा म्हणतात. रोज खा म्हणून कुणी धरून बसलं होतं का यांना?" ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "भाज्या बऱ्या व्हायच्या का?"

"मीठ एकदाच कमी पडलं होतं. बोललो नाही. आपला हक्क काय?"

ती बघत राहिली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, आणि तिच्या हातच्या मिठाकडे कुणी एवढं लक्ष दिलं नव्हतं. "उद्यापासून दोन डबे येतील," ती म्हणाली आणि वळून निघाली.

डॉक्टरीणबाईंनी मासे बंद केले नाहीत. बारके खा, आठवड्यातून दोनदा, मोठ्यांच्या वाटेला जाऊ नका, एवढंच सांगितलं. पारा हळूहळू अंगातून जाईल, महिने लागतील. तोवर वस्तरा धरायचा कुणावर? हा प्रश्न मासळीवाल्यानंच सोडवला. दर सोमवारी तो खुर्चीत येऊन बसे. "माझ्यापायी गेलेला हात आहे. माझ्याच गालावर परत येऊ दे." पहिल्या सोमवारी त्याच्या चेहऱ्यावर कापसाचे सात बोळे होते. बायकोनं विचारलं, "दाढी केली की मासा साफ केला?" चौथ्या महिन्यात दोन बोळे राहिले, सातव्यात एकही नाही. उजव्या करंगळीचा बधिरपणा तेवढा गेला नाही. ओळंबाराव आता ती बाजूला उचलून धरतात आणि ही नवीन ढब आहे, असं सांगतात.

मासळीवालाही बदलला. गरोदर बाई दुकानात आली की मोठ्या माशावर ओलं फडकं टाकून म्हणतो, "ताई, हा नको, बाळाला पारा बाधेल. हे बारके न्या." तेवढ्यात सलूनच्या पायरीवरून ओळंबाराव उठून येतात आणि माशानं मासा कसा खाल्ला ते पहिल्यापासून सांगायला घेतात. ती बाई पिशवी घेऊन कोपऱ्यावरून वळते, तेव्हा त्यांची गोष्ट जेमतेम दुसऱ्या माशापर्यंत आलेली असते.