मध्यस्थ कोण होता?

भाताच्या रोपांची जुडी हातात घेतली, की तो ओला, हिरवा वास मला मुरबाडजवळच्या सासरच्या शेतात नेतो. आम्ही बाया लावणी करत होतो. शाळेचे गुरुजी वर्तमानपत्र फडकवत बांधावर आले. "जर्मनीनं रशियाशी केलेला करार मोडला! चढाई केली!"

कुणी मान वर केली नाही. सासूबाईंनी वाकूनच विचारलं, "सोयरीक मोडली म्हना की! मध्यस्थ कोन व्हता?"

"कुणीच नव्हता."

"मंग टिकंल कशी? ती जुडी टाका हिकडं, गुरुजी."

आम्ही खदखदून हसलो. सासूबाई बरोबरच बोलल्या होत्या, हे मी आजही ठामपणे सांगते. ते हसू मात्र आता बोचतं. शेजारच्या गावात साधी सोयरीक मोडली असती, तर आम्ही सगळ्या लावणी टाकून धावलो असतो.