स्टिअरिंगवर कोण होतं

अक्कलकुव्यात हायवेच्या कडेला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये अख्तरबानोच्या भाड्याने द्यायच्या दोन गाड्या उभ्या असतात. सगळं गाव तिला आपा म्हणतं. तिच्यापेक्षा वयाने मोठा असून मीही आपाच म्हणतो.

आधी हा धंदा तिचा नवरा सलीम करायचा. त्याच्याकडे पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी नोंदणीची जीप होती आणि ती तो मोलगीच्या बाजाराच्या दिवशी भाड्याने चालवायचा. तेव्हा सगळेच चालवत. एकदा देवगोई घाटात जीप कलंडली. माणसं वाचली, पण सलीमचा डावा पाय गुडघ्यात कायमचा आखडला. लोकांनी त्याला शिकवलं, की सांग, गाडीत पाहुणे होते. त्याने तसंच सांगितलं. दवाखान्यात पडलेल्या प्रवाशांनी मात्र विचारल्यावर सरळ सांगून टाकलं, की आम्ही भाडं देऊन बसलो होतो. खाजगी गाडी भाड्याने चालवली म्हणून विमा नामंजूर झाला. जीप गेली आणि वर खोटं बोलल्याचा बट्टा लागला.

दुसरी कुणी असती तर विमा एजंटाच्या दारात जाऊन शिव्या देऊन आली असती. आपा गेली, पण शिव्या द्यायला नाही. तिने रतिलाल एजंटाला म्हटलं, "रतिलालभाई, पॉलिसी तुमीनच दिधी. आते मन्हासमोर बशीसन वाची दखाडा. काय भेटस, काय भेटत नही, सगळं." तो टाळू लागला तशी ती रोज जाऊन बसायची. शेवटी त्याने वाचून दाखवलं. समोरच्या माणसाला लागलं तर काय, आपली गाडी मोडली तर काय, आत बसणाऱ्यांचं काय, आणि कशाने हे सगळं रद्द होतं. तिने पुन्हा गाडी घेतली ती सेकंडहँड होती, पण पिवळ्या पाटीची, परमिटची. दुसरी पुढे आली.

चालवायला नवलसिंग आला. वरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, घरी पावरी बोलणारा, थोडकं बोलणारा माणूस. त्याच्या घरात पगार आणणारा तो पहिलाच.

आपाचे नियम गावाला सुरुवातीला झेपले नाहीत. डिझेल गिऱ्हाइकाचं. पंपावर टाकी पूर्ण भरून गाडी द्यायची, आणि परत आल्यावर त्याच पंपावर पूर्ण भरून घ्यायची. लोक म्हणायचे, "आपा, आमनावर भरोसा नही का?"

"भरोसा शे. पन अर्धा-पाव काटावर उद्या भांडन नको. भरेल टाकी दोन्हीसले दिखस."

तिचा सख्खा भाऊ वसीम एकदा लग्नाला गाडी नेऊन तशीच घेऊन आला. तिने त्याला अत्तर लावलेल्या कपड्यांत पंपावर परत पाठवलं. निघण्याआधी ती गिऱ्हाइकाला गाडीभोवती फिरवून जुने ओरखडे दाखवायची, विम्यात काय बसतं ते सांगायची, आणि शेवटी एकच गोष्ट दोनदा सांगायची: स्टिअरिंगला नवलसिंगशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

नेमका तिथेच हात लागला.

महावीरशेठ म्हणजे आमच्या बाजारपेठेतले कापडाचे व्यापारी. त्यांच्या आई पानीबाई, वय ऐंशीच्या घरात, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुरतला गेल्या होत्या. त्यांना आणायला आपाची गाडी गेली आणि सोबत महावीरशेठचा मुलगा चंदन. चंदनकडे शिकाऊ परवाना, तोही ताजा. येताना हायवे मोकळा दिसला तसा तो नवलसिंगच्या मागे लागला. शेठचा मुलगा, शिवाय दादा-दादा करतोय. नवलसिंगने चावी दिली. अक्कलकुवा नजरेच्या टप्प्यात आलं असताना गाडी पपईने भरलेल्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली. रस्ताभर पपयांचा लगदा झाला. पानीबाईंच्या कपाळाला टाके पडले, नवलसिंगचा उजवा हात मोडला. चंदनला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचं तोंड पार आत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आपा विम्याची कागदपत्रं घेऊन माझ्या दुकानात बसली होती. महावीरशेठ तिथेच आले.

"भाभी," ते हळू आवाजात म्हणाले, "गाडी नवलसिंग चालवत होता असं लिहा. त्याच्याकडे पक्का परवाना आहे, तुमचा क्लेम मंजूर होईल. पोराचं आयुष्य पडलंय पुढे. नवलसिंगचं काय ते मी बघतो."

नवलसिंग गळ्यात हात अडकवून दाराशी उभा होता. तोच आधी बोलला. "लिखी द्या, आपा. मीच त्याले चावी दिधी. मन्हीच चूक शे."

खरं सांगतो, मलाही वाटलं, लिहून टाकावं. पक्का परवाना असलेला माणूस चालवत होता असं लिहिलं की गाडी विम्यातून दुरुस्त होते, शेठही राजी राहतो. आपाने हातातले कागद खाली ठेवले. मग तिने नवलसिंगला विचारलं, "गाडी कोन चालाडी ऱ्हायंता?"

त्याने शेठकडे पाहिलं.

"मी तुले विचारी ऱ्हायनू. कोन?"

"चंदनभाऊ."

"मंग तेच लिखानं. चावी दिधी ती तुन्ही चूक शे, त्यानं मी तुन्हासंगे बोलसू. ठोकी ती त्यानी चूक. दोन्ही चुका तुन्हाच डोकावर कसाले?" मग ती शेठकडे वळली आणि पोरं शाळेत बोलतात तशा मराठीत म्हणाली, "शेठ, तसं लिहिलं तर केस नवलसिंगवर होईल. परवान्यावर डाग लागला तर याला उद्या कोण गाडी देईल? तुमच्या चंदनला दुकान आहे. याला हाच हात आहे."

शेठ उठून गेले. आपाने खरं ते लिहिलं.

विमा अर्थातच नामंजूर झाला. मोडकी गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. शेठच्या नात्यातल्या व्यापाऱ्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या बोलवायला सुरुवात केली. पपईवाल्याची भरपाई आपाने आपल्या बांगड्या मोडून केली. हे तिने कुणाला सांगितलं नाही, सलीमने सांगितलं. सांगताना तो रडला नाही. म्हणाला, "त्या वेळी मला हिच्यासारखं बोलता यायला पाहिजे होतं."

मग एका सकाळी शेडसमोर रिक्षा थांबली. डोळ्यावर हिरवी पट्टी, कपाळावर टाक्यांचा व्रण, अशा पानीबाई सुनेचा, रूपलचा हात धरून उतरल्या. चालवणाऱ्याच्या नावावरून काय झालं ते घरात त्यांना इतके दिवस कुणी सांगितलंच नव्हतं, शेवटी रूपलने सांगितलं. त्या आपाच्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी म्हारो पोतो चलावतो हो. मैं पाछै बैठी ही. मन्नै तो कोई पूछ्यो ही कोनी." गाडी माझा नातू चालवत होता, मागे मी बसले होते, मला तर कुणी विचारलंच नाही, याचा त्यांना राग होता. आपाने त्यांच्यासाठी दूध गरम केलं. म्हातारीने ते घेतलं, पण बोलणं थांबवलं नाही.

त्यांनी घरी काय केलं ते मला माहीत नाही. एवढं बघितलं, की चारच दिवसांत महावीरशेठ स्वतः आले, शहाद्याच्या गॅरेजवाल्याला सोबत घेऊन. आपाला म्हणाले, "काम कसं करायचं ते तुम्ही त्याला सांगा, बिल माझ्याकडे." माफी वगैरे शब्द त्यांनी काढले नाहीत. आपानेही मागितले नाहीत. पण चंदन मागे उभा होता. तो पुढे येऊन नवलसिंगला हाताचं विचारू लागला.

प्लास्टर निघेपर्यंत आपाने नवलसिंगचा पगार चालू ठेवला आणि चावीच्या बाबतीत त्याला जे ऐकवलं ते शेडच्या पत्र्यापलीकडून मलाही ऐकू आलं. त्यात एकही शब्द मऊ नव्हता.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा पहिली फेरी मोलगीची होती, मागच्या सीटवर मीही होतो. नवलसिंगचा हात अजून पूर्ण वळत नव्हता, मनात भीतीही होती. आपा काही न बोलता त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. घाट चढताना तो प्रत्येक वळणावर गाडी अगदी हळू घेत होता, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते.

"वाजू दे," आपा म्हणाली. "तू तुन्हा अंदाजवर चाल."