सात वेळा जग बुडवणारे दाजी

आमच्या दाजींइतक्या शांतपणे जग बुडवणारा माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. ते कळमनुरीच्या एका कचेरीत कारकून आहेत आणि रोज सकाळी आंघोळीच्या आधी शाळकरी लेकरांसाठी विज्ञान कादंबऱ्या लिहितात. या कादंबऱ्या जग संपल्यावर सुरू होतात. आजवर त्यांनी ते सात वेळा संपवलं. एकदा धुळीनं, एकदा मधमाश्या नाहीशा करून, एकदा तर नुसत्या आवाजानं. प्रलय कुठलाही असो, मुंबई-दिल्ली पहिल्याच पानावर जाते आणि उरते एक तेरा वर्षांची पोरगी आणि कळमनुरीचा बाजार. "दुसरीकडले रस्ते मला म्हाईत न्हाईत," दाजी म्हणतात. "पोरगी चुकली तर जबाबदारी कोणाची?" मग ती पोरगी पायी सिद्धेश्वरच्या धरणाकडं निघते, कारण पाणी तिथंच उरलेलं असतं.

या कामाचा परिणाम त्यांच्या वागण्यावर झाला आहे. पुतणीच्या लग्नात अक्षता पडत असताना ते मंगल कार्यालयाची मागची दारं मोजत होते. बाजारात हळदवालीला त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ही वीस वर्सं टिकंल का?" ती म्हणाली, "पावशेर न्या, टिकली न्हाई तर वापस आणा." दाजींनी हे उत्तर वहीत उतरवून घेतलं. घराच्या दाराशी त्यांची एक पिशवी कायम भरलेली असते. तिच्यात दोरी, शिट्टी, बॅटरी, गूळ आणि चालू कादंबरीचं हस्तलिखित.

त्यांची पहिली वाचक ताई. गहू निवडता निवडता ती वाचते आणि शंका काढते. "तीन दिवस चालून राहिली पोरगी, चप्पल तुटली न्हाई व्हय?" दाजी मुकाट्यानं चप्पल तोडतात. एका बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. पोरीची आई नवव्या प्रकरणात मरायची म्हणजे मरायचीच. लेकरं रडून राहिलीत, निदान एकदा तरी तिला वाचवा, असं प्रकाशकानं कळवलं, तर यांचं उत्तर गेलं : "आई असली तर पोरगी घराबाहीर पडन का?"

मागच्या हिवाळ्यात ताईच्या पोटात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन ठरलं. दाजींनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आम्ही निघालो. दवाखान्यात पोचल्यावर कळलं की दोरी, शिट्टी, गूळ सगळं आलं आहे, ताईच्या तपासण्यांची फाईल तेवढी घरी राहिली आहे. मी परत जाऊन ती आणली. तोवर दाजी बाकावर शिट्टी मुठीत धरून बसले होते.

ताईला आत नेल्यावर तासाभरात त्यांनी मला चार वेळा विचारलं, "डॉक्टर बाहीर काहून येऊन नाही राहिले?" सात वेळा जग बुडवलेल्या त्या माणसाला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. शेवटी त्यांनी पिशवीतून आठवी कादंबरी काढली, मांडीवर धरली आणि खाली मान घालून लिहीत बसले. डॉक्टर येऊन "सगळं ठीक आहे" म्हणाले तेव्हा ते उभे राहिले, आणि लगेच परत बसले.

पाचव्या दिवशी ताईनं उशीला टेकून कादंबरीचे कागद मागितले. नवव्या प्रकरणाशी ती थांबली.

"ही बाई तर मरणार व्हती ना?"

"व्हती."

"मंग वाचली कशी?"

दाजी पेज ढवळत होते. "म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

"असं कसं? लेकरं इचारतील. कायतरी कारण लिवा."

"सुचलं न्हाई. लई बसलो व्हतो."

ताईनं त्यांच्याकडं पाहिलं. एरवी तिनं दहा शंका काढल्या असत्या. या वेळी तिनं नुसतं पान उलटलं आणि पुढं वाचू लागली. दाजी बराच वेळ त्या पेजेवर फुंकर घालत राहिले. पेज केव्हाच निवली होती.