गच्चीसाठी मळखाऊ रंग

माझ्या बाला रंगांच्या शेडकार्डावरचं इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून त्या दिवशी तो मला दुकानात घेऊन गेला. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि यवतमाळात हॉस्टेलला राहत होते. आमच्या तांड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मला सगळंच कळतं असं घरच्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही थोडंसं तसं वाटायला लागलं होतं.

बा सुतारकाम करतो. आमच्या लोकांत हे काम करणारे फार नाहीत. आज्याच्या आज्याचे बैल माल वाहायचे, मग शेती आली. बा मात्र लहान वयात पांढरकवड्याच्या एका आरामशीनवर लागला आणि सागाच्या भुशातच मोठा झाला. आता सागाचं काम उरलेलं नाही. लोकांना गच्चीवर, झोपाळ्याखाली, बंगल्याच्या पुढच्या अंगाला तयार पट्ट्या जोडलेला, लाकडी जमिनीसारखा दिसणारा डेक हवा असतो. त्या पट्ट्या दोन जातींच्या. एक कंपोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेली. दुसरी नुसत्या पीव्हीसीची. कंपोझिट कापली की थोडा तरी लाकडाचा वास येतो, असं बा म्हणायचा. पीव्हीसी कापली की पांढरा कीस उडतो आणि अंगाच्या केसांना चिकटून बसतो.

हे काम तो एका ठेकेदाराच्या हाताखाली शिकला होता. स्वतःचं असं पहिलं काम त्याला मिळालं ते यवतमाळातल्या एका निवृत्त मास्तरांच्या नव्या घराचं. त्यांना सगळे सर म्हणायचे, आम्हीही. गच्ची लहानच होती. पण सरांचे साडू वणी रोडला मंगल कार्यालय बांधत होते आणि तिथं लॉनच्या कडेनं भला मोठा डेक व्हायचा होता. सर बाला म्हणाले होते, "आधी आमची गच्ची करून दाखव. साडूले पसंत पडली त ते काम तुयंच." ते काम मिळालं असतं तर बा स्वतःची चार माणसं लावून, कुणाच्या हाताखाली न राहता, स्वतःच्या नावावर काम करणार होता. घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता.

पट्ट्यांचं दुकान लोहारा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. जानेवारी होता. दारातून कोवळं ऊन आत येत होतं आणि सगळे आपापल्या खुर्च्या उन्हात ओढत होते. दुकानदारानं काउंटरवर वीतभर लांबीचे तुकडे मांडले. एक फिकट वाळूसारखा, एक राखाडी, एक सागासारखा पिवळसर, एक अक्रोडाच्या सालीसारखा तपकिरी आणि एक जवळजवळ काळा. प्रत्येकाच्या दोन बाजू. एका बाजूला लांब खाचा पाडलेल्या, दुसऱ्या बाजूला लाकडाच्या रेषा उमटवलेल्या.

रंग निवडायला सर आणि त्यांची बायकोही आली होती; तिला आम्ही काकू म्हणायचो. काकूंनी आधी खाचांची बाजू बाद केली. "याच्यात तांदूळ अडकते," त्या म्हणाल्या. "मंग मी का आयुष्यभर टाचणी घेऊन बसू काय?"

"मॅडम, पाइप मारला की सगळं साफ," दुकानदार म्हणाला.

"पाइपात पाणी त पायजे बाप्पा. आमच्याकडे नळ येते तो पाहुण्यासारखा."

सगळे हसले. मग काकूंनी खरी परीक्षा सुरू केली. पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली आणि प्रत्येक तुकड्यावर चिमूट चिमूट चोळली. दुकानदाराचा चहा आला होता, तो ओतून पाहिला. केसांना लावलेलं तेल बोटानं पुसून तुकड्यांवर टेकवलं. शेवटी मला म्हणाल्या, "पोरी, बाहेरून माती आन न थोडी." मी रस्त्याच्या कडेची काळी माती मूठभर आणली. ती ओली करून सगळ्या तुकड्यांना फासली, मग फडक्यानं पुसली. वाळूच्या रंगावर सगळं दिसत होतं. राखाडीवर हळद दिसत होती. काळ्यावर धूळ पांढरी दिसत होती. तपकिरी तुकडा मात्र माती, चहा, तेल सगळं पिऊन जसाच्या तसा राहिला.

"हा मळखाऊ हाय," काकू म्हणाल्या.

माझं शाळेचं दप्तर, माझे हिवाळ्याचे स्वेटर, घरातल्या चादरी, सगळं याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, याच एका कसोटीवर निवडलेलं. मळखाऊ रंग म्हणजे शहाणपणाचा रंग. त्यामुळे मलाही तो तुकडा लगेच पटला.

 बाने तो तुकडा हातात घेऊन नखानं टोकरला, कानाजवळ नेऊन वाजवला. मग सरांना म्हणाला, "सर, हे तुकडे मी आठ-पंधरा दिवस घरी नेतो. टिनावर उन्हात टाकून पायतो. मंग सांगतो."

सागाचा नवा लॉट आला की तो असंच करायचा. चार फळ्या आमच्या घराच्या टिनाच्या छपरावर टाकायचा आणि रोज संध्याकाळी चढून पाहायचा.

दुकानदार गालात हसला. ते हसणं मला लागलं. आज लिहिताना कळतं की मला बाची लाज वाटली होती. मी शेडकार्ड उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बा, हे लाकूड नाही. इथं लिहिलंय, रंग उडत नाही, वाकत नाही, वाळवी लागत नाही. उन्हात टाकून काय पाहणार?"

"वाच बरं, वाच," सर म्हणाले. मी वाचून दाखवलं, इंग्रजीतून आणि मग मराठीत. सर मान डोलावत होते, जणू परीक्षेला बसलेली मी त्यांची विद्यार्थिनी होते. बाने तुकडा खाली ठेवला. मी तपकिरी रंगावर बोट ठेवलं आणि सर हो म्हणाले.

शेडकार्डाच्या मागच्या पानावर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. गडद छटा थेट उन्हात जास्त तापतात, अनवाणी वावरण्याच्या जागी फिकट छटा निवडाव्यात, अशा अर्थाची. ती ओळ मी वाचली होती. मला ती समजलीही होती. तिच्या शेजारी पोहायच्या निळ्या टाकीचं चित्र होतं आणि कडेनं उघड्या पायांची गोरी माणसं पहुडली होती. मला वाटलं, ही सूचना त्यांच्यासाठी आहे. आमच्याकडे गच्चीवर कोण अनवाणी जातं? चपला घालूनच तर जातात. मोठ्यानं वाचलेल्या ओळींत मी ती घेतली नाही. घरात पूजा असते, पूजेला चपला खाली दारात काढतात, हे सगळं मला जन्मापासून ठाऊक होतं. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही, याहून वेगळं कारण मला आजही देता येत नाही.

मार्चमध्ये काम झालं. बाने पट्ट्यांमध्ये नीट फट सोडली, कारण उन्हात त्या लांबतात हे तो शिकला होता. कडेनं काळ्या रंगाची पट्टी आडवी फिरवली, त्यामुळे गच्ची चौकट केलेल्या तसबिरीसारखी दिसायची. एकही स्क्रू वरून दिसत नव्हता. शेजारचे लोक संध्याकाळी पाहायला यायचे. सर प्रत्येकाला बाचं कौतुक सांगायचे. साडूंना फोन करून म्हणाले, "एकदा येऊन पायच."

अक्षय तृतीयेला वास्तुशांती ठेवली. आमच्याकडे वास्तुशांतीत घर बांधणाऱ्या मिस्त्रींना टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन मान देतात. बाला बोलावणं होतं. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि मलाही बरोबर घेतलं. साडू येणार हे आम्हाला माहीत होतं.

अर्ध्या गच्चीवर कापडाचा मांडव होता, तिथं पंगत बसणार होती. उरलेली अर्धी काकूंनी मुद्दाम उघडी ठेवली होती, पाहुण्यांना डेक दिसावा म्हणून. चपला खाली दारात. पूजा संपायला बारा वाजून गेले आणि माणसं जिन्यानं वर यायला लागली. जिन्याचं तोंड उघड्या बाजूला होतं.

पहिली बाई वर आली आणि "आई गं" करून मागं फिरली. मागच्यांना कळेना. मग सगळेच उड्या मारत, एकमेकांच्या खांद्याला धरत मांडवाकडे पळायला लागले. सुरुवातीला मोठी गंमत चालली होती.

"काहून वो, तवा बसवला काय सर?"

"पापड आना खालून. दोन मिनटात होते."

"जेवाले बलावलं का निखाऱ्यावर चालाले?"

काकूंच्या वयस्कर नणंदेला पळता येईना. ती मधेच थांबली आणि रडकुंडीला आली. दोघांनी उचलून तिला सावलीत नेलं. मग हसणं थांबलं.

साडू जिन्याच्या तोंडाशी उभे होते, त्यांनी पाय खाली ठेवलाच नाही. "रंग कोनं काढला हा?" त्यांनी विचारलं. "माह्या लॉनवर हजार मानूस अनवाणी फिरंन बाप्पा."

मी वाढायची ताटं घेऊन काकूंच्या शेजारी उभी होते. काकूंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मांडवाच्या दोरीकडे पाहिलं. मग काकू म्हणाल्या, "मिस्त्रीनं सांगतला. आमी त फिकट म्हनून राह्यलो होतो."

साडूंनी बाच्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाशी वाक्य आलं होतं. ते फार लहान होतं. रंग मी सांगितला, एवढंच. मी ताटं खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि तेवढ्या वेळात बा म्हणाला, "हो साहेब. माह्यंच चुकलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढं जेवणं झाली. आहेराची वेळ आली तेव्हा फोटो काढणाऱ्यानं सांगितलं की मांडवात उजेड नाही, बाहेर उभे राहा. सर पाटावर उभे राहिले. बाला पाट नव्हता. तो त्या तपकिरी पट्ट्यांवर उभा राहिला, स्वतः बसवलेल्या. डोक्यावर टोपी घातली गेली, खांद्यावर टॉवेल आला, हातात नारळ आला. फोटोवाला म्हणाला, "थांबा, एक अजून." मग नारळ जरा वर धरायला सांगून आणखी एक घेतला. बाने एकही पाय उचलला नाही. सगळे पाहत होते आणि तो असा उभा होता, जणू पायाखाली ओली माती असावी.

घरी आल्यावर याडीनं त्याचे तळवे पाहिले. दोन्ही टाचांना आणि अंगठ्यांखाली फोड आले होते. तिनं कोरफड चिरून बांधली आणि मला विचारलं काय झालं. मी सांगणार तेवढ्यात बाच आमच्या बोलीत म्हणाला, गर्दीत चपला सापडल्या नाहीत, रस्त्यानं तसाच आलो.

याडी बाहेर गेल्यावर मी म्हणाले, "बा, मी बोलायला पाहिजे होतं."

त्यानं टाचेवरची कोरफड नीट बसवली. मग म्हणाला, तुकडे उन्हात टाकतो म्हणालो होतो, तर टाकायचे होते. तू नाही म्हणालीस म्हणून मी थांबलो, ते थांबणं माझं. त्यानं मला रागावावं अशी मी वाट पाहत होते. रागावला असता तर मला रडता तरी आलं असतं.

लॉनचं काम साडूंनी नागपूरच्या पार्टीला दिलं. सरांच्या गच्चीवर हिरवी चटई आली. जूनमध्ये त्या नागपूरच्या लोकांना पट्ट्या कापायला इथला माणूस हवा होता. त्यांनी बाला बोलावलं, रोजानं. मला वाटलं तो जाणार नाही. तो गेला. फिकट वाळूच्या रंगाच्या पट्ट्या होत्या, असं त्यानं फोनवर सांगितलं. चांगला रंग आहे, म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं, म्हणून मला ते ऐकवेना.

जुलैत कॉलेज सुरू झालं आणि एका दुपारी मी काकूंकडे गेले. जिन्याखाली दहा मिनिटं उभी होते. त्यांनीच खिडकीतून हाक मारली. मी आत गेले आणि उभ्यानंच सांगितलं, रंग बाने नाही, मी सांगितला होता, बा तर तुकडे उन्हात टाकून पाहू म्हणत होता. गडद रंग तापतो ही कार्डावरची ओळही मी मोठ्यानं वाचून दाखवली नाही. हे साडूंना सांगाल का, एवढंच विचारायचं होतं.

काकू तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, त्यांना धक्का बसला.

"ते त आमाले मालूमच हाय बाई," त्या म्हणाल्या. "आमी होतोच न तिथं. तू वाचलं, मी मळखाऊ म्हटलं, सर हो म्हटले. मिस्त्री बिचारा त थांबाच म्हनून राह्यला होता."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"पन इतक्या पाहुण्याइत सरचं नाव सांगू का? आन् तू शिकनारी पोर, तुयं नाव कायले खराब करू? कोनाचं तरी घ्याच लागते. मिस्त्री लोकाइले सवय असते वो, ते मनावर नाई घेत." मग आवाज खाली आणून त्या मायेनं म्हणाल्या, "तू बी घेऊ नको मनावर. अभ्यास कर. बस, चाय टाकतो."

मी बसले. चहा घेतला. नाही म्हणायला हवं होतं, ते त्या दिवशीही जमलं नाही.

काकूंकडे गेले होते हे मी बाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर सगळं ठाऊक असूनही त्यांनी मुद्दाम त्याचंच नाव पुढं केलं आणि मिस्त्री लोक मनावर घेत नाहीत म्हणाल्या, हेही सांगावं लागेल.