तंबूकाकांचं ठरलं होतं

इंग्रज माणूस 'नाही' कसं म्हणतो, ते मला तंबूकाकांनी शिकवलं. लंडनच्या पिनर भागातल्या त्यांच्या घरी वरच्या लहान खोलीत मी भाड्याने राहायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, वाशीमहून थेट लंडनला आलेली. पुस्तकातलं इंग्रजी यायचं, माणसांचं येत नव्हतं. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "यू मस्ट कम राउंड फॉर संडे लंच." मी लगेच विचारलं, किती वाजता येऊ? तिचा चेहरा पाहून आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलं. काय चुकलं ते संध्याकाळी काकांनी सांगितलं. "अगं, ते आमंत्रण नव्हतं. आपण नाही का रस्त्यात भेटलेल्याला 'या एकदा घरी' म्हणतो आणि दिवस सांगत नाही? तसं."

कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या नोकरीत लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून काकांनी हा कोश तयार केला होता. 'क्वाइट गुड' म्हणजे जेमतेम. 'इंटरेस्टिंग' म्हणजे चुकलंय. "आणि 'साउंड्स लव्हली' म्हणजे आपलं 'बघू'. 'बघू' म्हटल्यावर आपल्याकडे कोणी बघतं का?" असं म्हणून ते स्वतःच हसायचे. माझ्या पहिल्या निबंधावर सरांनी 'क्वाइट गुड' लिहिलं, तेव्हा मी आईला फोन करून ही बातमी सांगूनसुद्धा टाकली होती. काका म्हणाले, "आईला खुशाल आनंद होऊ दे. तू मात्र परत लिही." मी परत लिहिला. त्या वर्षी मी नापास झाले नाही, त्यात काकांचा वाटा किती हे मला नक्की सांगता येणार नाही, पण बराच असावा.

त्यांना तंबूकाका हे नाव पिनरमधल्या मराठी मंडळींनी ठेवलं होतं. थोडं ऊन पडलं की मागच्या अंगणात ते मोठा हिरवा तंबू उभा करायचे, त्यावर नळीने पाणी मारायचे आणि आत शिरून शिवणींतून कुठे गळतं का ते पाहायचे. मला वाटायचं, हे कुठे कुठे जाऊन राहून आले असतील. तसं नव्हतं. नोकरी होती तोवर रजा भारतात जाण्यातच संपायची, आणि नंतर काकू गेल्या. तंबू अंगणाबाहेर कधी गेलाच नव्हता. मी हे आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "घर असून पाल ठोकून राहायचं? बरे आहेत ना गं ते?"

जायचं कुठे हे मात्र पक्कं होतं. दक्षिणेला, समुद्राच्या थोडं अलीकडे, पाइनचं जंगल आहे आणि जंगलात तळी आहेत. त्या भागाचा भला मोठा नकाशा काकांनी जेवणाच्या टेबलावर पसरून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं होतं. आम्ही रोज त्या जंगलावर जेवायचो. "ताट जरा सरकव, पार्किंग झाकलं गेलं," असं म्हणत ते घास हातात धरून मला समजावायचे. पाइनच्या अगदी खाली तंबू लावायचा नाही, वरून चीक गळतो. उतारावर तर मुळीच नाही. "उतारावर झोपणारा रात्रभर स्वतःला गोळा करत बसतो." एका तळ्याच्या पूर्वेच्या काठाला पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे, हे त्यांनी तिथल्या माणसाला फोन करून विचारून घेतलं होतं. कारण मीरा.

मीरा म्हणजे त्यांची नात, सात वर्षांची. मुलगा निखिल, सून हॅना आणि मीरा कार्डिफला राहायचे. आयुष्यात एकदा तरी नातीबरोबर तळ्याकाठी तंबूत राहायचं, सकाळी तिला बर्नरवर थालीपीठ लावून द्यायचं, एवढीच काकांची इच्छा होती. त्यांनी मला दुसरी कुठलीही इच्छा कधी सांगितल्याचं आठवत नाही.

मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी निखिलला व्हिडिओ कॉल केला. मी शेजारीच भाजी निवडत होते. काकांनी सगळं सांगितलं. मे महिन्यातली शाळेची सुट्टी, तळं, उथळ काठ. निखिल म्हणाला, "साउंड्स लव्हली, बाबा."

फोन ठेवून काका म्हणाले, "ठरलं."

मी म्हणाले, "काका, ते लव्हली म्हणाले."

"हो, ऐकलं ना मी. मग?"

"नाही, म्हणजे... तुम्हीच सांगता ना, लव्हली म्हणजे..."

"वैशू, तो माझा मुलगा आहे. त्याचं लव्हली वेगळं."

मी खाली बघून मेथी निवडत राहिले.

मे महिन्यात निखिलचं ऑफिसचं काम निघालं. जूनमध्ये मीराचा पोहण्याचा क्लास होता. जुलैत काकांनी निखिलला सगळं पुन्हा पाठवलं. जागेचं नाव, रस्ता, कुठला कोपरा मागायचा तेसुद्धा. निखिलचं उत्तर आलं, "ब्रिलियंट, थँक्स बाबा." त्या दिवशी तंबू पुन्हा अंगणात उभा राहिला.

ऑगस्टच्या शेवटी मीराचा कॉल आला. तिचं नाक उन्हाने सोललं होतं. "आजोबा, आम्ही टेंटमध्ये झोपली."

"झोपलो," काका म्हणाले. "आम्ही झोपलो. कुठे गं?"

"लेकला. ग्रँडपा आणि ग्रॅनी पण आली. पाण्यात मी उभा राहू शकतो, एकदम लांबपर्यंत."

"उभी राहू शकते."

"उभी राहू शकते," मीरा म्हणाली. मग पडद्यावर निखिल आला. तो अगदी खुशीत होता. मला आजही वाटतं, त्याला काहीच कळलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. "बाबा, तुमचं रिसर्च टॉप होतं. हॅनाचे आईबाबा तर पुढच्या वर्षीचं बुकिंग करतायत. तुम्हाला म्हटलं असतं, पण जमिनीवर झोपायचं म्हणजे तुमची पाठ..."

"जमीन कोरडी होती ना?" काकांनी विचारलं.

"हो, एकदम."

"मग झालं."

जेवताना माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "निखिलदादा असे कसे वागू शकतात? तुमचा प्लॅन घेऊन तुम्हालाच..." काकांनी चमचा खाली ठेवला. "माझ्या मुलाबद्दल या घरात बोलायचं नाही. तू इथे भाड्याने राहतेस."

मी वर निघून गेले. दोन वर्षं एका टेबलावर जेवल्यावर माझी काहीतरी वेगळी समजूत झाली होती. ती कोणी करून दिली नव्हती, माझी मीच केली होती. सकाळी खाली आले तेव्हा टेबलावर उपमा झाकून ठेवला होता, वर लिंबाची फोड. आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

ऑक्टोबरपासून मला कार्डिफला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात नोकरी लागली होती. सामान बांधत होते तेव्हा काका दारात येऊन म्हणाले, "तू जायच्या आधी एकदा ती जागा बघून येऊ. दिवसभराचंच."

आम्ही सकाळच्या गाडीने गेलो, पुढे बस. सुट्ट्या संपल्यामुळे जंगलात फारसं कोणी नव्हतं. काकांना कुठलाच रस्ता विचारावा लागला नाही. इथे पाण्याचा नळ, इथे गाड्या, हा कोपरा सपाट. ते पुढे चालत सांगत होते, मी मागून हो म्हणत होते. तळ्याच्या पूर्वेच्या काठाला त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरले. बरेच आत जाऊन ते माझ्याकडे वळले आणि पाणी कुठवर येतं ते हाताने दाखवलं. पोटरीपर्यंतच येत होतं.

तिथली देखरेख करणारी बाई आली. साधीच होती, हसरी. आज राहायला आलात का, दोघंच आहात का, असं तिने इंग्रजीत विचारलं. मी 'हो, दोघंच, आणि संध्याकाळी परत जाणार' म्हणणार होते. काका पाण्यातूनच म्हणाले, "नाही, नाही. माझा मुलगा येतोय. नात आहे बरोबर. मागून येताहेत गाडीने."

ती म्हणाली, मग तुम्हाला कोपऱ्यातली मोठी जागा देते, आणि गाड्या येतात त्या रस्त्याकडे बघू लागली. काकाही तिकडेच बघत होते. मग मीही वळून तिकडे पाहिलं.