लाल औषध आणि प्रश्नचिन्ह

"दाऊदला हात लावू नका! आधी माझ्याशी बोला," मी ओरडलो. विहिरीच्या कठड्यापाशी वाडीतली माणसं माझ्या शिपायाला घेरून उभी होती. एकाच्या हातात गावातलं साप्ताहिक होतं. मथळा होता, 'विहिरीत विष?'

मी नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. खाडीपलीकडे पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली होती. म्हणून आम्ही विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकत होतो. हे लाल औषध संध्याकाळी बादलीत कालवून सोडायचं. पाणी गुलाबी होतं, सकाळपर्यंत रंग उतरतो. ही विहीर वाडी आणि मोहल्ला दोघांची. औषध सोडणारा दाऊद मोहल्ल्यातला.

"माझ्या बायकोन बघितलान, ह्यान तांबडं काय ते ओतलान!" वाडीतला शिवराम म्हणाला.

"मीच सांगितलं ओतायला. औषध आहे ते."

"मग पेपरात खोटं येईल होय?"

"शिवरामदादा, माझी पोरं पण हेच पाणी पितात ना," दाऊद म्हणाला.

"तुमचं तुम्ही प्या!"

फाळणीच्या दिवसांतही इथं कुणी कुणाची कॉलर धरली नव्हती. त्या दिवशी दाऊदचा सदरा फाटला.

मी तडक संपादकांकडे गेलो. "माझं ऑफिस तुमच्या छापखान्यासमोर आहे. विचारायला का नाही आलात?"

"अहो, विष आहे असं आम्ही म्हटलंय कुठे? पुढे प्रश्नचिन्ह आहे की."

"खुलासा छापा."

"पुढच्या अंकात बघू. जागा उरली तर."

नगरपालिकेचे प्रेसिडेंटसाहेब म्हणाले, "दाऊदला थोडे दिवस रजेवर पाठवा."

"म्हणजे बातमी खरी होती असंच ठरेल, साहेब." मी पाठवलं नाही.

मोहल्ला विहिरीचं पाणी भरत राहिला. वाडी पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, जाऊ लागली. उन्हाळ्यात पऱ्ह्या कसला, नुसती डबकी. तिथूनच पटकी वाडीत शिरली. शिवरामची बायको गेली. घरात औषध फवारायला दाऊदच गेला. शिवरामनं दार उघडलं आणि मान खाली घालून बाजूला झाला.

पुढचा अंक आला. खुलासा नव्हता. मथळा होता, 'नगरपालिका झोपली आहे काय?'

तेव्हापासून मी आधी दोन्हीकडे दवंडी पिटवतो. मग वाडीतला एक आणि मोहल्ल्यातला एक असे दोघे बोलावतो आणि बादलीतलं औषध त्यांच्याच हातानं सोडायला लावतो. विहिरींचा बंदोबस्त झाला. प्रश्नचिन्हावरचं औषध आमच्या स्टोअरमध्ये मिळत नाही.